बालसाहित्यिकावरील विनोदी चित्रपट: हसू कुठून आणावे?

प्रश्न:
मी कोल्हापुरातील असून एका कौटुंबिक विनोदी चित्रपटाची पटकथा लिहीत आहे. मुलांसाठी लिहिणारा नायक मंगळवार पेठेत राहतो. प्रकाशकाने परत पाठवलेल्या त्याच्या हस्तलिखिताच्या कोऱ्या बाजूंवर पत्नी वाणसामानाच्या याद्या करते. प्रेक्षकांनी हसावे, परंतु त्याच्या ओढाताणीला हसू नये, हे कसे साधावे?

उत्तर:
यादीचा प्रसंग सोडू नका. मात्र दुकानातून परतताना मुलीने ते पान उलटून वाचावे आणि घरात शिरताच "बाबा, पुढं काय झालं?" असे विचारावे, म्हणजे हसू गरिबीवर न रेंगाळता गोष्टीच्या ओढीतून उमटेल. मुले लेखकाची भीड ठेवत नाहीत. मी एका वर्गात सशाची गोष्ट सांगत असताना दुसरीतल्या मुलाने मला मध्येच थांबवून "वाघाचं पोट भरलं होतं का?" असे विचारले, आणि त्याची शंका रास्त होती, माझ्या गोष्टीत तेवढेच कच्चे राहिले होते.

उत्तर:
२०१७च्या 'फास्टर फेणे'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी फेणेचे जनक, बालसाहित्यिक भा. रा. भागवतांचीच भूमिका केली होती, त्यामुळे पडद्यावरचा बालसाहित्यिक आपल्या प्रेक्षकांना परका नाही. पत्नीला मात्र केवळ कुरकुरणारी करू नका, ही कळकळीची विनंती.

उत्तर:
१९२९मध्ये 'प्रभात फिल्म कंपनी' ज्या कोल्हापुरात स्थापन झाली, तिथली भाषा संवादांत मनापासून येऊ द्या. मोरेवाडीची चित्रनगरी हाताशी आहेच, पण घर खऱ्या पेठेतलेच घ्यावे.