विमान डोक्यावर, ॲपमध्ये आभाळ रिकामं

खळ्यातला: हापूसचा हंगाम, म्हणून महिनाभर रात्री कलमांतच राखणीला. मांगराबाहेर खाट, वर आभाळ. (देवगड तालुका. एका ठराविक कातळावर चढलं तरच नेट.) भाच्याने फ्लाइटरडार२४ (कुठलं विमान कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं ॲप) टाकून दिलंय, पण दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. आवाज येतो तिकडे बघावं तर तिथे काहीच नाही, दिवे केव्हाच पुढे समुद्राच्या अंगाला. फोनमधलं विमान मात्र दिव्यांपाशीच. दुसरं, काल सकाळी पंख्यांचं एक विमान माडांना घासून गेल्यागत खालून गेलं, त्याचा फोनवर पत्ता नाही. आई विचारते, "ह्यां इमान खंय चल्लां?" आणि मी गप्प. ॲप बोगस आहे काय?

कौलारू: ॲप बरोबर आहे, कान उशिरा ऐकतात. ३५,००० फूट म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या वर. तिथून आवाज खाली यायला अर्धा मिनिट सहज जातं. तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटरचं विमान सात-आठ किलोमीटर पुढे.

गच्चीवरची_तार: पंख्यांचं, पंख वरच्या बाजूला, समुद्राकडे तोंड? तटरक्षक दलाचं डॉर्निअर असेल, रत्नागिरीला त्यांचा तळ आहे. ॲपला आभाळ दिसत नाही हो. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग स्वतःच सांगत असतं, आणि कोणाच्या तरी घरावरचा रिसीव्हर ते ऐकून पुढे धाडतो. सैनिकी विमानं बऱ्याचदा जागा सांगतच नाहीत. शिवाय हे संदेश सरळ रेषेत जातात. उंचावरचं विमान ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येतं, खालचं मधल्या डोंगराआड गेलं की संपलं.

आणि आईंसाठी: "खंय चल्लां" हे विमान सांगतच नाही. ते फक्त उड्डाणाचा क्रमांक देतं, गाव ॲप वेळापत्रकातून काढतं. म्हणून कधी चुकतंही. नोंदणी व्हीटीने सुरू झाली तर भारतीय, ए६ने तर अमिरातीचं.

खळ्यातला: रिसीव्हर मी बसवला तर? मांगरावर कौलं आहेत, वीजही आहे (असते तेव्हा).

गच्चीवरची_तार: रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक), टीव्ही बघायचा यूएसबी डोंगल आणि पाऊण वीतसुद्धा नको, जेमतेम ७ सेंटिमीटर तारेचा अँटेना. पण नेट कायम लागेल, कातळावरचं नाही चालणार. जोडाला रबराची टेप घट्ट गुंडाळा. माझा जोड खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात हिरवा झाला आणि मी दोन महिने डोंगलला शिव्या घालत बसलो.

कौलारू: आणि वानरांचं काय करणार?

खळ्यातला: वानरांसाठीच तर राखणीला बसलोय! बरं, काल रात्री दिवे अगदी माथ्यावर आले तेव्हा आईला आकडे मोजायला सांगितले. तेहतिसाव्याला माथ्यावरून घरघर सुरू झाली. तोवर विमान पार खाडीपलीकडे. आई म्हणाली, "मगे आवाज मागसून चलत येता काय?"