मदत हवी आहे: अमृतानुभवातलं शून्यवादाचं खंडन नेमकं कुणाविरुद्ध?
नमस्कार मंडळी. ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव वाचतेय आणि शून्यवादाच्या, म्हणजे ‘सगळं शून्य आहे’ या मताच्या, खंडनापाशी अडकलेय. ज्ञानेश्वरांचा मुद्दा असा: दिव्याबरोबर मालवणाराही गेला, तर दिवा मालवला हे कळलं कुणाला? सगळं शून्य आहे म्हणायलासुद्धा कुणीतरी उरावं लागतं. बिनतोड! पण ज्याला शून्यवादी म्हणतात तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन कुठे म्हणतो की काहीच नाही? मूलमध्यमककारिका या आपल्या ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात तो प्रतीत्यसमुत्पादालाच (प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून घडते, या तत्त्वालाच) शून्यता म्हणतो, म्हणजे वस्तू आहेत, फक्त स्वतःच्या बळावर उभ्या नाहीत. मग हे खंडन त्याला लागू पडतं का? की रोख दुसऱ्याच कुणावर आहे? जाणकारांनी कृपया सांगावं. संस्कृत जेमतेम येतं, तेव्हा वाचायला मराठी किंवा हिंदीतलं सुचवा.