सुरुवातीच्या कृष्णवर्णीय चित्रपटकारांना वितरक कसे मिळत?

चित्रजिज्ञासू:
अमेरिकेतील कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांनी १९१९ मध्ये स्वतःच्याच कादंबरीवर ‘द होमस्टेडर’ हा मूकपट काढला आणि त्यानंतर जवळपास तीन दशके ते चित्रपट काढत राहिले. मोठ्या स्टुडिओंच्या वितरणव्यवस्थेत त्यांना जागा नव्हती, तर मग हे चित्रपट थिएटरपर्यंत पोहोचवत तरी कोण होते?

जुनीरिळे:
बहुतेक वेळा ते स्वतःच. मिशो गावोगाव फिरून थिएटरमालकांना भेटत, आगामी चित्रपटाची छायाचित्रे दाखवून आधीच तारखा ठरवून घेत आणि मिळालेली आगाऊ रक्कम निर्मितीत घालत. लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्याच चित्रपटसंस्थेतही वेगळे चित्र नव्हते. कंपनी लॉस एंजेलिसची, पण जॉर्ज जॉन्सन ओमाहातील टपाल खात्याची नोकरी सांभाळून तिची बुकिंगे पाहत. प्रती मोजक्याच असल्याने तीच रिळे या शहरातून त्या शहरात जात, आणि प्रत्येक ठिकाणचे सेन्सॉर मंडळ आपापली कात्री लावत असे. मिशो यांचा ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) शिकागोच्या मंडळाने आधी नाकारला, कारण आदल्याच वर्षी तिथे वांशिक दंगल झाली होती. आज तो पाहता येतो तो स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने सापडलेल्या प्रतीमुळे. अमेरिकेत त्याची एकही प्रत उरू नये, यात वितरणाच्या या ओढाताणीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

चित्रजिज्ञासू:
आभारी आहे. पण मग बोलपट आल्यावर हा व्यवहार कसा निभावला?

जुनीरिळे:
निभावला नाही. मिशो यांच्या कंपनीने १९२८ मध्येच दिवाळखोरी जाहीर केली होती. ‘द एक्झाइल’ (१९३१) हा त्यांचा बोलपट हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय वस्तीतील श्वेतवर्णीय थिएटरचालक फ्रँक शिफमन यांच्या भांडवलावर उभा राहिला.

दक्षिणद्वार:
बाहेरचे भांडवल म्हणजे आशयावर अंकुशच, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. डॅलसचे श्वेतवर्णीय वितरक आल्फ्रेड सॅक यांनी कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पेन्सर विल्यम्स यांच्या ‘द ब्लड ऑफ जीझस’ला (१९४१) पैसा पुरवला, आणि तरीही कृष्णवर्णीयांच्या दक्षिणी चर्चजीवनाचा इतका आतून आलेला चित्रपट त्या काळात क्वचितच सापडेल.

जुनीरिळे:
मान्य. तथापि दिग्दर्शनाची मोकळीक आणि तिकीटखिडकीवरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विल्यम्स यांना पहिली मिळाली, दुसरी सॅक यांच्याकडेच राहिली.