जन्मल्यावर बोट घट्ट धरायचं, आता खुळखुळाही धरत नाही

पिल्लूची आई:
माझा मुलगा ५ महिन्यांचा झाला, ७ आठवडे आधी झालाय. काचेच्या पेटीत होता तेव्हा बोट दिलं की इतकं घट्ट धरायचा की सोडवावं लागायचं, आणि आता खुळखुळा हातात दिला की लगेच पडतो, समोर धरला तर नुसता टक लावून बघतो, हात हलवतो पण पोचत नाही. जावेची मुलगी याच वयात ओढून घ्यायची म्हणून घरात सगळे बोलतात. हातातली ताकद गेली का हो? खूप काळजी वाटतेय.

नाशिकची मावशी:
अगं ताकद नाही गेली! तेव्हा तो मनाने धरत नव्हता, तळहाताला काही लागलं की तान्ह्यांची मूठ आपोआप मिटते. ४ ते ६ महिन्यांत ते कमी होत जातं आणि मनाने धरणं सुरू होतं, मधले दिवस असेच जातात. आणि ७ आठवडे वजा कर की, तो साडेतीन महिन्यांचाच धरायचा, जावेच्या मुलीशी तुलना कशाला?

थेरपिस्ट ताई:
मावशी बरोबर बोलतायत. मी बाळांच्या हातांचंच काम करते. हातमोजे घालत असाल तर जागेपणी काढा, बोटांना स्पर्श कळायला हवा. खुळखुळा जड पडतो, त्यापेक्षा सुती रुमालाला सैल गाठ मारून द्या. जागा असताना कुशीवर घेतलं की दोन्ही हात आपसूक समोर येतात, मग बघा. आधी सगळ्या पंजाने धरेल, साधारण ६ महिन्यांचा झाला की या हातातून त्या हातात घेईल, चिमटीत कुरमुरा उचलणं ९-१० महिन्यांच्या पुढे, आणि हे सगळं वजा केलेल्या वयाने मोजायचं. फक्त एकच हात वापरत असेल किंवा अंगठा आत दाबून मूठ दिवसभर घट्टच असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पिल्लूची आई:
मूठ उघडी असते ताई, दोन्ही हात हलवतो. हातमोजे मात्र दिवसभर घालत होते, नखं लागतात म्हणून. आज काढले तर बोटांच्या बेचक्यात मोज्याचे धागे आणि मळ साठलेला, पुसून काढला. मग कुशीवर घेऊन रुमाल दिला, चार वेळा पडला, पाचव्यांदा गाठीसकट तोंडात गेला! सासूबाईंनाच हाक मारून दाखवलं.