ओसरत्या मंडळीत (चर्चच्या सभासदांच्या समूहात) पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (सदर, नागपूर): तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे रविवारच्या उपासनेत मागचे बाक रिकामेच राहतात, अशा वेळी नव्या पाळकसाहेबांनी प्रथम काय हाती घ्यावे?

निवृत्त पाळक: घरभेटी. जी कुटुंबे येईनाशी झाली, त्यांच्याकडे वर्गणीचा विषय न काढता बसावे, आजाऱ्यांना घरीच प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) द्यावे आणि ती का दुरावली हे शांतपणे ऐकून घ्यावे. मला याहून खात्रीचा मार्ग दिसत नाही.

मंडळीतील एक वडील (कारभारात पाळकाला साथ देणारे ज्येष्ठ सभासद): सहमत आहे, परंतु धीर हवा. १९७० साली आपल्याच नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च-संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेही १९२९ पासूनच्या बोलण्यांनंतर. शिवाय पाळकांची बदली होते, म्हणून भेटींची वही वडीलजनांनी सांभाळावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वहीचा विषय पुढील सभेत मांडतो.