अनिश्चिततेच्या काळात सेवाकार्याने मन खरोखर शांत होते का?

कोथरूडकर:
नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत ११ वर्षे काम करतो आहे. जानेवारीपासून आमच्या विभागातील निम्मी माणसे कमी झाली असून उरलेल्यांचे काय होणार, हे कोणीच सांगत नाही. नोकरी अजून आहे, घराचा हप्ताही वेळेवर जातो, तरीही पहाटे ३ वाजता जाग येते आणि उजाडेपर्यंत मनात हिशेब चालू राहतात. शनिवार-रविवार कुठेतरी सेवाकार्यात घालवावा, असे पत्नीचे म्हणणे आहे. परंतु स्वतःला बरे वाटावे म्हणून दुसऱ्याच्या दारी मदतीला जाणे प्रामाणिकपणाचे आहे का, आणि त्याने खरोखर शांत वाटते का, हे मला उमगत नाही. अशा काळात ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

माणदेशी:
दादा, मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा. २०१८ साली आमचे गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेत उतरले, तेव्हा माझी डाळिंबाची बाग पाण्याअभावी वाळली होती आणि सोसायटीचे कर्ज थकले होते. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस आम्ही रोज उन्हे तापण्याआधी माळावर जमून सलग समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर, खोदत असू. २ फूट रुंद आणि १ फूट खोल चर साधारण साडेपाच मीटर लांब खोदला की एक घनमीटर काम भरते. पाऊस कधी येईल आणि बँक काय करील, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आज किती मीटर झाले, याचे मात्र होते, आणि त्या एका उत्तरावर मला रात्री झोप लागू लागली. ज्याच्याशी बांधावरून आमचे बोलणे बंद होते, तोच शेजारी माझ्या टिकावाने सुटलेली माती घमेल्यात भरून उचलत असे. आम्ही बांधाविषयी काही बोललो नाही, पण पाण्याची कळशी एकमेकांकडे देऊ लागलो. त्या वर्षी पहिले बक्षीस आमच्याच तालुक्यातील टाकेवाडीला मिळाले, आमच्या गावाला काही मिळाले नाही. हेतूविषयी म्हणाल, तर मीही कर्जाच्या विचारातून सुटका हवी म्हणूनच जात होतो. त्यामुळे चराची खोली कमी भरली नाही.

वाशिष्ठीकाठ:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण आमच्या दारी मदत आली होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पूर आला आणि पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ उरला. असा गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की तो फावड्याला दाद देत नाही. घाटावरून आलेल्या काही मुलांनी दोन दिवसांत आमचे घर मोकळे केले. ती कोणत्या हेतूने आली होती, हे विचारण्याचे मला सुचलेही नाही. गाळाने भरलेला एक पितळी डबा उचलून त्यांतील एकाने विचारले, "काकू, हा ठेवायचा ना?" तो माझ्या सासूबाईंचा होता. न विचारता सामान ढिगाऱ्यात टाकणारेही आले, आणि जुन्या कपड्यांची इतकी गाठोडी आली की ती हलवणे हेच नवे काम होऊन बसले. तेव्हा जाल तिथे आपले फावडे, घमेले आणि पिण्याचे पाणी बरोबर न्या, आणि घरच्या माणसाला विचारल्याशिवाय एकही वस्तू टाकू नका. चौथ्या दिवशी मी शेजारच्या घरी गाळ उपसायला गेले. स्वतःच्या घरात प्रत्येक वस्तू हातात घेतली की रडू येत होते, तिथे मात्र हात चालत राहिले आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवण गेले.

समुपदेशिका:
वरील दोन्ही अनुभव मोलाचे आहेत, पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. पहाटेची जाग दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली असेल तर सेवाकार्याच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. कामही आठवड्यातून दोन तासांचे, ठरलेल्या वेळेचे आणि ठरलेल्या माणसांबरोबरचे घ्या. आधीच थकलेल्या माणसाने सुरुवातीलाच मोठी जबाबदारी अंगावर घेतली की महिन्याभरात तो ती सोडतो आणि वर अपराधी वाटून घेतो.

कोथरूडकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आमच्या जवळच्या टेकडीवर काही मंडळी दर रविवारी सकाळी साडेसहाला रोपांना पाणी घालतात. उन्हाळाभर त्यांना हात कमी पडतात, असे कळले. या रविवारी ५ लिटरचे दोन कॅन घेऊन जातो आहे. माणदेशी, उतारावर समपातळी कशी काढता, तेही सांगाल का?

माणदेशी:
तीन काठ्यांची ए अक्षरासारखी चौकट करा आणि तिच्या वरच्या टोकाला दोरीने दगड बांधा. आडव्या काठीच्या मध्यावरील खुणेवर दोरी स्थिर झाली की चौकटीचे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत. तिथे फक्कीने खूण करा, एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवा आणि पुन्हा दोरी पाहा. दोघे असाल तर लवकर होते.