मदत हवी आहे : 'हायपोअल्जेसिया'ला गावात समजेल असा शब्द

यवतमाळकडच्या गावांत मधुमेहाच्या रुग्णांसाठी पायांच्या काळजीचं एकपानी पत्रक लिहितोय. अडलंय 'हायपोअल्जेसिया'वर, म्हणजे दुखणं जाणवतं पण नेहमीपेक्षा कमी. 'बधिरपणा' लिहून पाहिलं, तर लोक म्हणाले, "हात लावला तं समजते, मंग बधिर कसं?" बरोबरच आहे, स्पर्श शाबूत असू शकतो. 'वेदनाशून्यता' म्हणजे दुखणं अजिबातच नाही, ते अ‍ॅनाल्जेसिया. 'वेदनाक्षीणता' कुणालाच कळलं नाही. एका काकांच्या तळव्यात पऱ्हाटीचं धसकट घुसलं होतं. चप्पल रक्तानं चिकट झाली तेव्हा त्यांना कळलं. म्हणून शब्द नेमकाच हवा. पत्रक मोठ्यानं वाचून दाखवणार आहोत, तेव्हा पुस्तकी शब्द नको. दुखणं कमी समजतं याला तुमच्याकडची जुनी माणसं वऱ्हाडीत काय म्हणतात?